जैविक मानवशास्त्राचा अध्यापक हवा कशाला?

वर्तमानपत्रांत अधूनमधून विद्यापीठांच्या मोठ्या जाहिराती येतात. 'खालील पदांसाठी अर्ज मागविण्यात येत आहेत' असे वर ठळक अक्षरांत असते आणि खाली बारीक अक्षरांचा एक लांबलचक तक्ता असतो. भौतिकी, रसायन, वनस्पतिशास्त्र, संख्याशास्त्र, अर्थशास्त्र... आणि क्वचित कधी तळाशी एक ओळ दिसते : 'मानवशास्त्र. विशेष विषय : जैविक मानवशास्त्र. पदे : १.'

ही ओळ तुमच्या घरातील मोठ्या माणसांना दाखवा आणि या पदावरचा माणूस नेमके काय शिकवीत असेल, असे विचारा. कोणी म्हणेल, डॉक्टरसारखे काहीतरी असेल. कोणी म्हणेल, माकडापासून माणूस कसा झाला ते. आणि एखादा हिशेबी काका म्हणेल, "सरकारचा पैसा वर आलाय! याने कोणाला नोकरी लागणार?"

काकांचा प्रश्न वाजवी आहे, तो हसण्यावारी नेऊ नये. विद्यापीठातील शिक्षकाचा पगार लोकांनी भरलेल्या करातून होतो. मग ही एक जागा लोकांच्या काय उपयोगाची, हे लोकांना समजलेच पाहिजे. माझे मत असे की ती ओळ जाहिरातीत असलीच पाहिजे, आणि असली तर ती जागा वेळेवर आणि कायमची भरली पाहिजे. असे का वाटते, ते पुण्यातीलच उदाहरणे घेऊन सांगतो.

हा विषय आहे तरी कोणता?

मानवशास्त्र म्हणजे माणसाचा अभ्यास. त्याच्या दोन मुख्य बाजू आहेत. माणसांच्या चालीरीती, नातीगोती, भाषा, देवदेवता, कुळे यांचा अभ्यास ही एक बाजू. माणसाचे शरीर, त्याची वाढ, त्याची हाडे, त्याचे रक्त, त्याची आनुवंशिकता आणि लाखो वर्षांतील त्याची उत्क्रांती ही दुसरी बाजू. या दुसऱ्या बाजूला पूर्वी शारीरिक मानवशास्त्र म्हणत. आता जैविक मानवशास्त्र म्हणतात.

तुम्ही म्हणाल, मग डॉक्टर काय निराळे करतात? डॉक्टर समोरच्या एका रोग्याला विचारतो, 'तुला काय होतेय?' जैविक मानवशास्त्रज्ञ एका गावाला, एका जमातीला किंवा तीन हजार वर्षांपूर्वी मरून गेलेल्या वस्तीला विचारतो, 'तुम्ही असे का वाढलात? तुमची मुले का दगावली? शेजारच्या गावापेक्षा तुमची उंची कमी का?' या प्रश्नांना नुसत्या शरीरशास्त्रातून उत्तर मिळत नाही. लोक काय खातात, कोणाशी लग्न करतात, कोणते काम करतात, हेही पाहावे लागते. म्हणून या शिक्षकाचा एक पाय प्रयोगशाळेत आणि दुसरा गावाच्या वाटेवर असतो.

बर्लिनमधल्या १४९ कवट्या

या विषयाचा पुण्याशी संबंध जुळला तो इरावतीबाई कर्वे यांच्यामुळे. 'युगान्त' लिहिणाऱ्या इरावतीबाई म्हणून त्यांचे नाव तुम्ही ऐकले असेल. त्यांचा जन्म १९०५ मध्ये ब्रह्मदेशात झाला. तेथील इरावती नदीवरून त्यांचे नाव ठेवले गेले. शिक्षण पुण्यात, हुजूरपागेत आणि फर्ग्युसन महाविद्यालयात झाले. पुढे मुंबईला गो. स. घुर्ये यांच्या हाताखाली त्यांनी समाजशास्त्राचा अभ्यास केला आणि १९२८ मध्ये त्या जर्मनीला गेल्या.

बर्लिनला त्यांचे मार्गदर्शक होते ऑयगेन फिशर. त्या काळातील मोठे नाव. माणसांचे उच्च आणि नीच असे वंश असतात, असे मानणाऱ्यांपैकी ते होते. पुढे नाझी राजवटीत त्यांच्या संस्थेने त्या राजवटीच्या वंशविषयक धोरणांना शास्त्राचा मुलामा दिला. या फिशरनी इरावतीबाईंना विषय दिला कवटीच्या विषमतेचा. आपल्या सर्वांच्याच कवटीची डावी आणि उजवी बाजू तंतोतंत सारखी नसते. युरोपीय माणसांच्या कवटीत ही विषमता अधिक असावी आणि तिचा संबंध त्यांच्या तथाकथित श्रेष्ठ बुद्धीशी असावा, अशी अपेक्षा त्यामागे होती.

इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या. त्यांत युरोपातील होत्या, तशा जर्मनीच्या ताब्यातील आफ्रिकी प्रदेशांतून आणलेल्याही होत्या. आकडे मांडले, ताडून पाहिले आणि निष्कर्ष लिहिला : कवटीच्या विषमतेचा वंशाशी संबंध दिसत नाही.

मित्रांनो, येथे थोडे थांबा. परका देश, परकी भाषा, पंचविशीही न गाठलेली एक विद्यार्थिनी, आणि पदवी देणे न देणे ज्याच्या हातात तो गुरू विरुद्ध मताचा. गुरूला हवे तसे उत्तर लिहून देणे सोपे होते. तिने मोजमापांनी दिले तेच उत्तर लिहिले. जैविक मानवशास्त्राच्या कोणत्याही वर्गात पहिला धडा हाच असावा, असे मला वाटते.

पण हा धडा अर्धा सांगून चालणार नाही. मापपट्टी आणि कॅलिपर घेऊन माणसांची उच्चनीच प्रतवारी लावण्याचा उद्योग आपल्याकडेही झाला. १९०१ च्या जनगणनेचे प्रमुख हर्बर्ट रिस्ले यांनी नाकाची रुंदी आणि लांबी मोजून, नाक जितके रुंद तितका त्या जातीचा सामाजिक दर्जा खालचा, असा सिद्धांत मांडला होता. घुर्ये यांनी १९३२ च्या आपल्या ग्रंथात त्याच आकड्यांची छाननी करून दाखवले की हा नियम देशभर लागू पडत नाही. इरावतीबाईंच्या स्वतःच्या लेखनातही त्या काळच्या वंशकल्पनेची भाषा अधूनमधून डोकावते. शास्त्रज्ञही आपल्या काळाच्या बाहेर सहजासहजी उडी मारू शकत नाही. आज आपल्याला ठाऊक आहे की माणसामाणसांतील आनुवंशिक फरकांपैकी सुमारे ८५ टक्के फरक एकाच लोकसमूहाच्या आत असतात. हे गणित रिचर्ड लेवोंटिन यांनी १९७२ मध्ये प्रसिद्ध केले. 'वंश' म्हणून माणसांचे कप्पे पाडले तर त्या कप्प्यांमध्ये फारच थोडा फरक उरतो. हे कोणी शिकवायचे? ज्याने हा सारा चुकांचा इतिहास अभ्यासला आहे, त्यानेच.

डेक्कन कॉलेजातील परंपरा

१९३९ मध्ये पुण्यात डेक्कन कॉलेजची पदव्युत्तर संशोधन संस्था म्हणून नव्याने सुरुवात झाली. पुरातत्त्वासाठी हसमुख धीरजलाल सांकलिया आले आणि समाजशास्त्राच्या प्रपाठक म्हणून इरावतीबाई आल्या. एका शिक्षिकेच्या एका जागेतून किती काम उभे राहते, पाहा.

१९४४ मध्ये गुजरातेतील लांघणज येथे सांकलिया आणि इरावतीबाई यांच्या तुकडीला अश्मयुगीन संस्कृतीच्या थरांत मानवी सांगाडे मिळाले. खणणारा आणि हाडे ओळखणारा एकाच तुकडीत असल्यामुळे त्या हाडांचे चीज झाले. १९५१ मध्ये इरावतीबाई आणि वि. म. दांडेकर यांनी मिळून महाराष्ट्रातील लोकांच्या शरीरमापनाचा ग्रंथ प्रसिद्ध केला. हे दांडेकर म्हणजे पुढे नीळकंठ रथ यांच्याबरोबर भारतातील दारिद्र्याचा गाजलेला अभ्यास करणारे अर्थशास्त्रज्ञ. माणसे मोजायला संख्याशास्त्र लागते, आणि संख्याशास्त्रालाही माणसे मोजण्यातून नवे प्रश्न मिळतात. प्रशांतचंद्र महालनोबिस यांचे 'महालनोबिस अंतर' हे आज जगभर वापरले जाणारे सूत्र मूळ शरीरमापनाच्या आकड्यांशी झगडतानाच जन्माला आले.

१९६० नंतरच्या दशकात इरावतीबाई आणि त्यांचे विद्यार्थी कैलाश मल्होत्रा यांनी महाराष्ट्रातील समान दर्जाच्या आठ पोटजातींची जैविक तुलना केली. तो निबंध १९६८ मध्ये प्रसिद्ध झाला. एका नावाखाली मोडणारे गट एकाच कुळातून फुटलेले असतात, असे आपण धरून चालतो. जातीची नावे आणि रक्ताचे नाते यांचा मेळ इतका सरळ नसतो, हे त्यांना दाखवायचे होते. इरावतीबाई १९७० मध्ये वारल्या. मल्होत्रांनी पुढे महाराष्ट्रातील धनगर आणि भटक्या जमातींचा अभ्यास चालू ठेवला. माधव गाडगीळ यांच्याबरोबर केलेल्या कामात नंदीवाले, वैदू आणि फासेपारधी एकाच माळरानावर कसे वेगवेगळे प्राणी पकडतात आणि एकमेकांच्या शिकारीला हात लावीत नाहीत, हे त्यांनी नोंदवले. गुरूकडून शिष्याकडे, आणि शिष्याकडून नव्या प्रश्नाकडे, अशी ही साखळी आहे.

इनामगावची मुले

आता हाडांकडे वळू. पुणे जिल्ह्यातील शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. तेथे १९६८ ते १९८३ पर्यंत डेक्कन कॉलेजने उत्खनन केले. इ. स. पूर्व १६०० ते ७०० या काळात तेथे ताम्रपाषाण युगातील शेतकऱ्यांचे गाव नांदत होते. घरांच्या जमिनीखाली त्यांनी आपली माणसे पुरली होती. लहान मूल गेले, तर दोन रांजण तोंडाला तोंड लावून आडवे ठेवीत आणि त्यांत त्याला निजवीत. मोठ्या माणसाला पुरताना घोट्याखालची पावले तोडीत. दोनशेहून अधिक दफने मिळाली, आणि त्यांत मुलेच फार.

मडकी पाहून गाव काय शिजवीत होते, ते कळते. पण मुले का मेली, हे मडके सांगत नाही. ते दात सांगतात. दातावरचे चकचकीत आवरण, म्हणजे दंतवल्क, एकदाच तयार होते. हाड मोडले तर सांधते, पण दंतवल्क पुन्हा घडत नाही. ते घडत असताना मूल आजारी पडले किंवा उपाशी राहिले, तर त्या काळापुरते काम अडते आणि दातावर खळगा किंवा आडवी रेघ राहते. झाडाच्या खोडात दुष्काळाचे वर्ष अरुंद वलय होऊन उमटते, तसेच हे. कोणता दात कोणत्या महिन्यात घडतो, हे ठाऊक असले की रेघेच्या जागेवरून आजारपणाचे वय काढता येते.

अमेरिकेतील जॉन लुकाच आणि पुण्याचे सुभाष वाळिंबे यांनी या सांगाड्यांचा तपशीलवार अभ्यास केला. त्यांचा ग्रंथ १९८६ मध्ये आला. तीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या घोडकाठच्या मुलांची वये, त्यांचे दात, त्यांची वाढ यांची नोंद आपल्याला मिळाली. पर्जन्यछायेच्या प्रदेशातील शेतकऱ्याच्या घरी लहान मूल जगणे किती कठीण होते, याची ही नोंद आहे. राजेरजवाड्यांच्या ताम्रपटांत ती कोठे सापडणार?

हे वाचन पुस्तकातून येत नाही. तान्ह्या मुलाच्या बरगडीचा तुकडा आणि ससाण्याचे हाड यांत फरक कसा ओळखायचा? हाताच्या हाडाचे टोक सांधले आहे की नाही, हे बोटाने चाचपून कसे ठरवायचे? नवजात बालकाच्या शरीरात तीनशेच्या आसपास हाडे असतात आणि प्रौढ माणसात २०६. मधली सांधत जातात, म्हणून सांधण्याचा क्रम पाहून वय सांगता येते. शिक्षक समोर बसून, तुमच्या हातात हाड देऊन, 'पुन्हा बघ' असे दहा वेळा म्हणतो, तेव्हा ते जमू लागते.

पट्टी तीच, प्रश्न नवा

ज्या मापपट्टीने एके काळी माणसांची प्रतवारी लावली, तीच पट्टी आज काय काम करते, याचेही उदाहरण पुण्यातच आहे.

पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत एक अभ्यास सुरू केला. गरोदर स्त्रिया काय खातात, किती काम करतात, हे नोंदवले आणि बाळ जन्मल्यावर त्याची मापे घेतली : वजन, लांबी, डोक्याचा आणि पोटाचा घेर, दंडाचा घेर, चिमटीत धरलेल्या कातडीची जाडी. ही मापे इंग्लंडातील साउथॅम्प्टन येथील बाळांच्या मापांशी ताडून पाहिली. पुण्याकडील बाळाचे सरासरी वजन २.७ किलो, तिकडच्या बाळाचे ३.५ किलो. इतपत फरक अपेक्षितच होता. पण कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने कमी झालेली नव्हती. म्हणजे बाळ दिसायला किरकोळ, स्नायू कमी, पण चरबी टिकून राहिलेली. आपल्या देशात मधुमेह कमी वयात आणि सडपातळ माणसांनाही का होतो, या प्रश्नाचा एक धागा तेथे सापडला.

याच याज्ञिकांचे एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. शेजारी जॉन युडकिन हे इंग्लंडातील सहकारी. उंचीच्या मानाने वजन काढण्याचा जो निर्देशांक असतो, तो दोघांचाही अगदी सारखा, २२.३. पण शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिकांची २१.२ टक्के! २००४ मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात हे छापून आले. वजनकाट्याचा एक आकडा पाहून समाधान मानणाऱ्यांनी ते लक्षात ठेवण्यासारखे आहे.

दुसरे उदाहरण पाहा. 'आपली मुले मुळातच लहान चणीची' असे आपण सर्रास म्हणतो. जागतिक आरोग्य संघटनेने ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या सहा देशांतील, चांगल्या परिस्थितीत वाढणाऱ्या मुलांची मापे घेतली आणि २००६ मध्ये वाढीची नवी प्रमाणे जाहीर केली. पोटभर अन्न, आईचे दूध, स्वच्छ पाणी आणि औषधोपचार मिळाले, तर पहिल्या पाच वर्षांत या सर्व देशांतील मुलांची उंची जवळजवळ सारखीच वाढते, असे दिसले. म्हणजे मेळघाटातील मूल खुरटले, तर दोष त्याच्या कुळाला देऊन मोकळे होता येत नाही. अंगणवाडीतील ताई दंडाचा घेर मोजायची रंगीत पट्टी वापरते. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलाचा घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला, तर ते तीव्र कुपोषित समजतात. ती पट्टी हे जैविक मानवशास्त्राचे सर्वांत साधे आणि सर्वांत उपयोगी हत्यार आहे.

दोन आक्षेप

येथे जाणकार दोन आक्षेप घेतात. पहिला असा : आता डी. एन. ए. च्या प्रयोगशाळा आहेत. हाडे चाचपत बसण्याचे दिवस गेले.

हरियाणातील राखीगढी येथे डेक्कन कॉलेजच्या वसंत शिंदे यांच्या नेतृत्वाखाली उत्खनन झाले. तेथील सिंधू संस्कृतीच्या काळातील माणसांचा डी. एन. ए. मिळवण्यासाठी ६१ नमुने तपासण्यात आले. कामाचा मजकूर मिळाला फक्त एका स्त्रीच्या अवशेषांतून. तो निबंध २०१९ मध्ये आला. उष्ण हवेत डी. एन. ए. लवकर नासतो. तो टिकण्याचा संभव सर्वांत जास्त असतो कवटीतील कानाजवळच्या एका दगडासारख्या कठीण हाडात. ते हाड शेकडो तुकड्यांतून ओळखायचे, त्याची मापे आणि छायाचित्रे आधी घेऊन ठेवायची, मगच त्याला भोक पाडायचे. कारण एकदा पाडलेले भोक बुजत नाही. यंत्र कितीही मोठे असो, त्यात काय घालायचे, हे हाडे ओळखणाऱ्यानेच ठरवावे लागते. आणि तो निबंध आल्यावर वर्तमानपत्रांत 'आर्य कोण' यावर जो गदारोळ उडाला, तो पाहता एका स्त्रीच्या अवशेषांवरून किती सांगता येते आणि किती नाही, हे शांतपणे समजावणारे शिक्षक आपल्याला आणखी हवे आहेत.

दुसरा आक्षेप असा : रोगाचे काम डॉक्टर पाहतील. सिकलसेलचे उदाहरण घ्या. विदर्भात आणि नंदुरबारकडे हा रक्ताचा आनुवंशिक दोष बऱ्याच प्रमाणात आढळतो. आई आणि वडील दोघांकडून दोषी जनुक आले, तर मूल आजारी होते. एकाकडूनच आले, तर ते केवळ वाहक असते, आणि असा वाहक तीव्र हिवतापापासून काहीसा सुरक्षित राहतो. म्हणून हिवतापाच्या मुलखात हे जनुक टिकले. हा दोष हटवण्यासाठी केंद्र सरकारने २०२३ मध्ये मोहीम सुरू केली. रक्त तपासणे सोपे आहे. पण वाहक ठरलेल्या मुलीचे लग्न मोडू नये, तिला घरात टोमणे बसू नयेत, 'आमच्याच जमातीला हा शाप' असे कोणाला वाटू नये, यासाठी लग्नसंबंधांच्या रीती आणि जनुकांचे गणित दोन्ही समजणारी माणसे लागतात. अशी माणसे तयार करणारा वर्ग कोणता? तोच, जाहिरातीच्या तळाच्या ओळीतला.

जागा रिकामी राहिली की

विद्यापीठांतील जागा वर्षानुवर्षे भरल्या जात नाहीत, ही तक्रार आपल्याकडे जुनीच आहे. मोठ्या विभागात तीसांपैकी एक शिक्षक निवृत्त झाला, तर बाकीचे तास वाटून घेतात. पण मानवशास्त्रासारख्या लहान विभागात जैविक शाखेचा शिक्षक बहुधा एखाद-दुसराच. तो गेला आणि जागा रिकामी राहिली, तर तो विषयच बंद पडतो. तासिका तत्त्वावर एखादा तरुण आणून परीक्षेपुरते शिकवून घेता येते. पण पुढच्या वर्षी आपण येथे असू की नाही, हे ज्याला ठाऊक नाही, तो एका गावातील मुलांची वाढ दहा वर्षे कशी मोजणार? याज्ञिकांच्या अभ्यासातील बाळे आज तिशी ओलांडून गेली आहेत, आणि त्या अभ्यासाचे मोल त्याच्या लांबीतच आहे.

आणि हाडांचे काय? ती पेटीत राहतात. पेटीवर चिठ्ठी असते. चिठ्ठीवरची खूण कशाची, हे सांगणारा माणूस निघून गेला की उरते नुसती पेटी.

हाडे ही कोणाची तरी पूर्वज असतात, हेही विसरू नये. नागा लोकांच्या पूर्वजांच्या कवट्या इंग्रजांच्या काळात इंग्लंडला नेण्यात आल्या. ऑक्सफर्डच्या पिट रिव्हर्स संग्रहालयाने २०२० मध्ये मानवी अवशेष प्रदर्शनातून काढून घेतले आणि आपल्या पूर्वजांना घरी आणण्यासाठी नागा लोकांनी बोलणी सुरू केली. तरीही २०२४ मध्ये इंग्लंडात एक नागा कवटी चक्क लिलावाला निघाली. ओरड झाल्यावर ती मागे घेण्यात आली. कोणाचे हाड कोणाच्या संमतीने ठेवायचे, कोणाचे रक्त कोणाच्या संमतीने तपासायचे, हा प्रश्न आता या विषयाचा भाग आहे आणि तो शिकवावाच लागतो.

म्हणून माझी मागणी साधी आहे. ज्या विद्यापीठात मानवशास्त्र शिकवले जाते, तेथे जैविक शाखेची निदान एक जागा कायमची असावी. आधीचा शिक्षक निवृत्त होण्यापूर्वीच नव्याची निवड व्हावी, म्हणजे दोघे काही महिने एका टेबलाशी बसतील आणि पेट्यांवरच्या खुणा एकाकडून दुसऱ्याकडे जातील. त्या शिक्षकाला गावोगाव फिरण्याचा खर्च मिळावा. आणि त्याने वर्षातून चार वेळा तरी शाळांत जाऊन मराठीतून बोलावे. हा विषय आज कित्येक विद्यार्थी केवळ लोकसेवा आयोगाच्या परीक्षेपुरता वाचतात. तोही उपयोग चांगलाच. पण परीक्षेसाठी पाठ करणारे शेकडो आणि हाड हातात घेणारा एकही नाही, अशी स्थिती येऊ नये.

वर्गात करून पाहा

शिक्षकांना एक विनंती. पुढच्या महिन्यात एक तास यासाठी द्या. भिंतीला मोजपट्टी चिकटवा. ज्या मुलांची तयारी असेल, त्यांचीच उंची घ्या. नको म्हणणाऱ्याला आग्रह करू नका. एकाच मुलाची उंची तीन वेगवेगळ्या मुलांना मोजायला सांगा आणि आकडे एकमेकांना न दाखवता लिहायला सांगा. तीन आकडे बहुधा तीन निघतील. मग विचारा, खरा कोणता? मापनातील चूक म्हणजे काय, हे या एका प्रश्नातून समजेल. नंतर तेच माप सकाळी उठल्याबरोबर आणि रात्री निजताना घरी घेऊन पाहायला सांगा. सकाळी माणूस सुमारे एक सेंटिमीटर उंच भरतो, कारण दिवसभर उभे राहून मणक्यांमधील चकत्या दबतात. फळ्यावर कोणाचेही नाव लिहू नका, आकडेच लिहा. आणि जात, धर्म, आडनाव यांप्रमाणे आकड्यांचे गट पाडू नका. गट पाडायचेच असतील, तर वयाप्रमाणे पाडा.

आणि विद्यार्थी मित्रहो, तुमच्यापैकी कोणाला जीवशास्त्र आवडते पण इतिहासही सोडवत नाही, गणित आवडते पण माणसांत राहावेसेही वाटते, अशी ओढाताण होत असेल, तर हा विषय ध्यानात ठेवा. बारावीनंतर विज्ञान किंवा कला, कोणत्याही शाखेची पदवी घेऊन मानवशास्त्राकडे वळता येते. पुण्यात सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात त्याचा स्वतंत्र विभाग आहे. शिक्षक व्हायचे, तर पदव्युत्तर पदवीनंतर राष्ट्रीय पात्रता परीक्षा द्यावी लागते किंवा संशोधन करून पीएच. डी. मिळवावी लागते. वाट लांब आहे आणि शेवटी जागा किती, हे मी वर सांगितलेच. म्हणूनच ती जागा शिल्लक राहिली पाहिजे. तुमच्यापैकी एखादी मुलगी दहा-बारा वर्षांनी ती जाहिरात उघडील, तेव्हा तळाची ती ओळ तेथे असावी.